ध्येय कुणाचं, चूल कुणाची?

(मूर्तिजापूर इथे तालुक्यातल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर.)



मला दिलेला विषय आहे 'ध्येय आणि यश'. पत्रिकेवर तो वाचला तेव्हा जरा धास्तीच वाटली. या विषयावरची भाषणं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ध्येय ठेवा, झटत राहा, यश तुमचंच! पाहुणे टाळ्या घेऊन निघून जातात आणि मागे राहिलेल्या सतरंज्या आपण गोळा करतो. तसं भाषण मी करणार नाही. मूर्तिजापुरात उभं राहून या विषयावर बोलायचं, तर उदाहरण शोधायला लांब जायचीही गरज नाही. ते इथून हाकेच्या अंतरावर, दापुऱ्यात वाढलं.

देबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आल्या. मामाकडे देबूने गुरं राखली, वावर कसलं. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात कशी गेली, ते त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे बाबा कीर्तनातून सांगत, कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरं कापू नका, लेकरं शाळेत घाला. हे काही पोथीतून आलेलं नव्हतं. बाप दारूने गेलेला, जमीन कर्जात गेलेली, अक्षरओळख नाही म्हणून सावकार कागदावर काय लिहितो ते कळत नाही. बाबांचं ध्येय त्यांच्या घरच्या दुःखातून उगवलेलं होतं. म्हणून ते टिकलं. बाहेरून आणून चिकटवलेलं ध्येय पहिल्या पावसात निघून येतं, हे आपण अनेक शिबिरांनंतर पाहिलं आहे.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. हातात खापर आणि झाडू. त्यांची कामाची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, तरी मला ती पुन्हा सांगावीशी वाटते, कारण कार्यकर्ती म्हणून त्यात शिकण्यासारखं फार आहे. गावात शिरलं की आधी गाव झाडायचं. कुणाला विचारायचं नाही, भाषण करायचं नाही. दिवसभर झाडलं की रात्री कीर्तन. कीर्तनातही सांगणं कमी, विचारणं जास्त. लोकांना प्रश्न टाकायचा, लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचं. आज आपण ज्याला 'सहभागी पद्धतीचं प्रशिक्षण' म्हणतो आणि ज्याच्यासाठी रंगीत कागद, खडू असं बरंच सामान गोळा करतो, ते हा निरक्षर माणूस एका झाडूवर करत होता.

आणि ध्येय म्हणजे तरी काय? 'समाजाचा उद्धार' असलं ढगातलं काही नाही. पंढरपूरला गेलेला अस्पृश्य माणूस रात्री झोपणार कुठे? ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या काठी चिखलात माणसं घसरतात, त्यांनी उतरायचं कसं? मुंबईत दवाखान्यात पेशंट घेऊन आलेल्या खेड्यातल्या बाईने भाकर कुठे थापायची? इतके साधे, आजच्या रात्रीचे प्रश्न. त्यातून घाट झाले, धर्मशाळा झाल्या, सदावर्तं झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लाखो रुपये हाताखालून गेले, अंगावर मात्र चिंध्याच राहिल्या. संस्थांवर आपल्या नातेवाइकांचा हक्क नाही, ही शिस्त त्यांनी घालून दिली. आजच्या शिक्षणसम्राटांच्या दिवसांत हे ऐकायलाही नवल वाटतं. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. २००० साली शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला दिलं. ध्येयातून यश कसं उभं राहतं याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला तरी वऱ्हाडात दिसत नाही.

आता मी जे बोलणार आहे, त्याने कुणाच्या श्रद्धेला धक्का लागू नये. बाबांना लहान करायला मी आले नाही. पण हीच गोष्ट मी एकदा एका गटाच्या बैठकीत सांगत होते, तेव्हा मागे बसलेली एक मजूर बाई म्हणाली, "ताई, बाबा घर सोडून गेले त बाबा झाले. म्या घर सोडलं असतं त लोकायनं मले काय म्हनलं असतं?"

सगळ्या हसल्या. मग गप्प झाल्या.

तिचं बोलणं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. बाबांनी घर सोडलं तेव्हा घरात कोण होतं? म्हातारी होत चाललेली आई सखुबाई. बायको कुंताबाई. आणि लहान लेकरं. लग्न झालेलं १८९२ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांचा संसार. जमीन राहिलेली नाही, कर्ता पुरुष एके दिवशी उठून गेलेला. त्या दोघींनी पुढची वर्षं कशी काढली असतील, हे सांगायला इतिहासकार नको. कुणाच्या वावरात निंदण, कुणाकडे वेचणी, कुणाचे कपडे धुणं. आपल्यापैकी निम्म्या जणी हे रोज करतात.

१९२३ साली बाबांचा मुलगा गोविंद वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते. बातमी आली तेव्हा कीर्तन चालू होतं आणि ते त्यांनी थांबवलं नाही. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून, कीर्तनांतून, भाषणांतून किती वेळा सांगितली जाते! ध्येयनिष्ठेचा कळस म्हणून सांगितली जाते. मी ती लहानपणापासून ऐकली. पण त्या रात्री कुंताबाई कुठे होत्या, त्यांच्याजवळ कोण बसलं, त्यांनी कुणाच्या गळ्यात पडून आकांत केला, हे सांगणारा एकही वक्ता मला भेटला नाही. पोर तर दोघांचं होतं.

आणि पहा, बाबांचा एक उपदेश फार प्रसिद्ध आहे. हातावर भाकर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण लेकराला शाळेत घाला. बाबांच्या तळमळीबद्दल शंका नाही. त्या एका वाक्याने वऱ्हाडात किती पोरं शिकली असतील! तरीपण पहिली काटछाट कुठे सुचली, तर बायकोच्या लुगड्यात. बापाची तंबाखू किंवा पंगतीतला मानपान याही जागा होत्या की! त्यांनी त्यांवरही पुष्कळ कोरडे ओढले, हे खरं. पण लोकांनी लुगडंच लक्षात ठेवलं.

झाडूचंही तसंच. बाबा परीट जातीतले. गाव झाडणं हे त्यांच्या जातीचं काम नव्हतं, त्यांनी ते आपणहून हातात घेतलं म्हणून झाडूला तेज आलं. पण तोच झाडू ज्यांच्या माथी जातीने मारला, आणि तोच झाडू रोज पहाटे सडा-सारवण करताना जिच्या हातात असतो, त्यांना कुणी संत म्हणत नाही. अभियानाच्या काळात गावागावांत झाडायला कोण पुढे होतं हे तुम्हीच आठवा, आणि बक्षिसाचा धनादेश घेतानाच्या फोटोत कोण होतं तेही आठवा.

म्हणजे प्रश्न ध्येयाचा नाही. बायकांकडे ध्येय नव्हतं असं मुळीच नाही. याच वऱ्हाडात, बुलढाण्याला, ताराबाई शिंदे होत्या. वडील सरकारी कचेरीत कारकून, सत्यशोधक विचारांचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला बालहत्येबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली होती, आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या बाईजातीवर चिखलफेक चालवली होती. ताराबाई संतापल्या आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापून आलं. जे दोष तुम्ही बायकांचे म्हणता ते तुमच्यात नाहीत काय, असा थेट पुरुषांनाच सवाल! आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण पुढे काय? टीका झाली. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेवढाच आधार. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. ते एकच पुस्तक विस्मरणात गेलं आणि स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं १९७५ मध्ये. मध्ये त्र्याण्णव वर्षं! कष्ट कमी पडले म्हणून नव्हे, तेजही कमी नव्हतं. त्यांच्यामागे चूल सांभाळणारी कुंताबाई नव्हती, गावोगाव नेणारी दिंडी नव्हती, ऐकणारा फड नव्हता. बुलढाण्यात एकटी बाई आणि तिची लेखणी.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. साठ वर्षांनी याच मुलखातल्या बायकांनी वेगळी वाट काढली. २० जुलै १९४२, नागपूर. अखिल भारतीय दलित महिला परिषद. बाबासाहेब उपस्थित, हजारो बायका जमलेल्या, आणि अध्यक्ष कोण? आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. अध्यक्षपदावरून ही बाई संततिनियमनावर बोलली. १९४२ साली! परिषदेत ठराव झाले ते नीट ऐका. बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा. एकाहून जास्त बायका करण्याला कायद्याने बंदी हवी. गिरण्यांतून, कारखान्यांतून राबणाऱ्या बायकांना रजा हवी, इजा झाली तर भरपाई हवी, म्हातारपणी पेन्शन हवं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक मिळालं तर वाचा, अशा कितीतरी जणी त्यात भेटतील.

मला या ठरावांतली शेवटची बाब फार महत्त्वाची वाटते. समाज बदलायचं ध्येय घेऊन आलेल्या बायका त्याच सभेत रजा आणि पेन्शन मागत होत्या. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. ध्येय आहे म्हणजे पोट नाही, असं त्यांनी मानलं नाही.

आपल्याला मात्र नेमकं उलट शिकवलं जातं. आज इथे अंगणवाडी सेविका बसल्या आहेत, मदतनीस आहेत, आशा आहेत. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीच्या बाईला मिळतं ते 'मानधन'. शब्द पाहा किती गोड! मान आधी, धन मागे, आणि तेही महिनोन् महिने थकलेलं. २००५ पासून आशा आल्या, त्या तर 'स्वयंसेविका'. रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात बसणारी बाई स्वयंसेविका, आणि दहाच्या कचेरीला अकरा वाजता येणारा कर्मचारी! एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गुजरातच्या अंगणवाडी बायकांच्या खटल्यात, त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आणि त्या कायद्यापुरतं मानधन हे वेतनच आहे असं म्हटलं. तरी ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविकांना संपावर जावं लागलं, जानेवारी उलटत आला तोवर. त्या दिवसांत एका कार्यालयात मी स्वतः ऐकलं, साहेब म्हणत होते, "बाई, ही सेवा आहे, यात पैशाकडे बघायचं नसतं." साहेबांचा स्वतःचा पगार त्याच आठवड्यात जमा झालेला असणार.

ध्येय हा शब्द बाईच्या बाबतीत असा वापरला जातो. पुरुषाला ध्येय सापडलं की घर त्याला मोकळं करतं. बाईला ध्येय सापडलं की घर म्हणतं, स्वयंपाक करून जा. आणि संस्था म्हणते, फुकट ये.

आता संस्था म्हटलं की आपणही आलो. आपण स्वतःला संघटना म्हणवतो, पण मोर्चाच्या दिवशी पहाटे चारला उठून दोन वेळच्या भाकरी थापून येणारी बाई, आणि नवऱ्याने सोडलं तर आपल्याकडे येणारी बाई, यांचा हिशेब आपण कुठे मांडतो? एक जण तालुक्याला येते तेव्हा तिची म्हैस कोण पाहतं? तिची सासू? तिची दहा वर्षांची पोर, शाळा बुडवून? तसं असेल तर आपल्या ध्येयासाठी आपणही एक कुंताबाई घडवतो आहोत, आणि तीही दहा वर्षांची.

काही गटांनी यावर सुरुवात केली आहे. एका गावात बैठकीच्या दिवशी दोघी मागे थांबतात. सगळ्यांची लेकरं एका घरी, एकच मोठं पातेलं वरण-भाताचं. पुढच्या वेळी दुसऱ्या दोघी. पाळी चुकली की त्यांच्यात भांडणं होतात, चांगली कडाक्याची! मला ती भांडणं आवडतात. तिथे कुणी एकीला कायमची त्यागमूर्ती करून ठेवलेलं नाही.

म्हणून माझी सूचना एका वहीची आहे. प्रत्येक गटाने एक साधी दोनशे पानी वही करावी. बैठकीला, मोर्चाला, कोर्टाच्या तारखेला कोण गेलं ते एका बाजूला लिहायचं. दुसऱ्या बाजूला तिच्या मागे घरचं काम कुणी केलं, किती तास केलं, आणि गेलेलीचा खर्च किती झाला ते लिहायचं. मजुरी बुडाली असेल तर तीही लिहा, वेचणीच्या दिवसांतली तर नक्कीच. पैसे लगेच देता आले नाहीत तरी आकडा वहीत राहील. देणगी मागायला किंवा कुठे प्रकल्प लिहायला बसू तेव्हा तो आकडा आपल्याजवळ असेल. सासूने लेकरं सांभाळली असेल तर तिचंही नाव लिहा, आणि तिला वाचून दाखवा.

दुपारच्या सत्रात याच वहीचे रकाने पाडायला बसू. पहिला रकाना प्रवासखर्चाचा घ्यावा असं मला वाटतं. मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण सगळ्या गावांना एस.टी. येत नाही, आणि काळीपिवळीवाला पूर्ण पैसे घेतो. दापुऱ्याकडून आलेल्या जणींनी आज किती दिले, तेवढं आधी सांगा.