धाकाने मुले सुधारतात काय?
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या व सारी हयात प्राथमिक शाळेत घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाने या व्यासपीठावरून फार विद्वत्ता सांगावी, अशी आपली अपेक्षा नसेल. तरीही आज जो विषय आम्ही निवडला आहे, तो आपल्या घराघरांशी निगडित आहे. आपल्या विद्यार्थी वसतिगृहातील तीन-चार मुले वाईट संगतीस लागली आहेत; त्यांना एकदा तुरुंग दाखवून आणावा, म्हणजे ती ताळ्यावर येतील, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली असून मोटारीच्या भाड्याची तरतूदही झाली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणजे उपाय चांगला ठरतोच, असे नव्हे.

हा उपाय नवा नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहवे येथील तुरुंगात १९७६ साली जन्मठेपेच्या कैद्यांनी तो आरंभिला. वाह्यात मुलांना तुरुंगात आणावयाचे, कैद्यांनी त्यांच्या अंगावर ओरडावयाचे, आतील जिण्याची भयंकर वर्णने ऐकवावयाची व मुलांना रडकुंडीस आणून घरी धाडावयाचे, अशी ती पद्धत. १९७८ साली त्यावर ‘स्केअर्ड स्ट्रेट’ नावाचा माहितीपट निघाला आणि त्यास ऑस्कर पारितोषिकही मिळाले. सतरा मुलांपैकी सोळा मुले तीन महिन्यांनंतरही सरळ मार्गावर होती, असे त्यात सांगण्यात आले. मग काय विचारता! अनेक राज्यांनी हा कित्ता गिरविला.

परंतु त्या सतरांना तुरुंग दाखविला नसता, तर किती सुधारली असती, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मुदतीचा ताप आपोआप उतरतो आणि श्रेय मात्र अंगाऱ्यास मिळते, तसाच हा प्रकार. रटगर्स विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स फिंकेनॉअर यांनी तुरुंगात नेलेल्या व न नेलेल्या मुलांची तुलना केली. सहा महिन्यांत नेलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के मुलांनी पुन्हा गुन्हा केला. न नेलेल्यांपैकी केवळ ११ टक्क्यांनी! पुढे अँथनी पेट्रोसिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ ते १९९२ या काळातील अशा नऊ प्रयोगांचा एकत्र विचार केला. या प्रयोगांत कोणास न्यावयाचे व कोणास नाही, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरविले होते, म्हणून तुलना न्याय्य होती. निष्कर्ष असा निघाला की, या उपायापेक्षा काहीच न करणे बरे. कारण त्याने गुन्हे घटत नाहीत, उलट वाढतात.

असे का व्हावे? याचे उत्तर आम्ही पुस्तकातून नव्हे, आमच्याच चुकीतून शिकलो. १९९२ च्या सुमारास आमच्या वर्गातील एका मुलाने पैसे चोरले. वडिलांच्या संमतीने आम्ही त्यास पोलीस चौकीत नेले. हवालदाराने त्यास दरडावले, कोठडी दाखविली. आम्ही बाहेर बाकावर बसून राहिलो. तीन दिवस मुलगा गप्प होता. चौथ्या दिवशी पोरांनी त्यास ‘कैदी’ म्हणावयास सुरुवात केली, आणि महिन्याभरात ते नाव तो अभिमानाने मिरवू लागला. वर्षअखेर त्याने शाळा सोडली. पुष्कळ वर्षांनी एस.टी. स्थानकावर भेट झाली, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, हवालदाराचं काही वाटलं नाही. तुम्ही बाहेर बसून राहिलात, ते लागलं.” त्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

एका उदाहरणावरून सिद्धान्त होत नाही, हे आम्ही जाणतो. पण भीती ओसरते आणि शिक्का राहतो, एवढे त्यावरून आम्हांस उमगले. शिवाय चार वांड मुले एकत्र नेली, म्हणजे कोण अधिक निर्ढावलेला, याचीच त्यांच्यात चढाओढ लागावयाची. आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही मुलास कलंक लागेल अशी भाषा वापरू नये व त्यास नव्याने आरंभ करता यावा, ही तत्त्वे घातली आहेत.

मग मुलांना धाक नकोच काय, असे कोणी विचारील. शिस्त हवीच. पण इटलीतील बेकारिया या विचारवंताने १७६४ सालीच सांगून ठेविले आहे की, शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चितता अधिक परिणामकारक असते. चूक केली, तर ती त्याच दिवशी विचारली जाईल, झालेले नुकसान स्वतःच्या श्रमाने भरून द्यावे लागेल आणि त्यानंतर पंगतीत आपले पान पूर्वीसारखेच मांडले जाईल, हे मुलास ठाऊक असावे. मार्क लिप्सी यांनी २००९ साली शेकडो प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हाही हेच दिसले की, समुपदेशन व कौशल्यशिक्षण यांनी मुले सावरतात. नुसत्या कडक शिस्तीने वा धाकाने नव्हे.

यास्तव आमची कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे की, तुरुंगाची सहल रद्द करावी. मोटारीचे पैसे मुलांच्या आईवडिलांना गावाहून वसतिगृहात येण्या-जाण्यासाठी द्यावेत, आणि त्या प्रत्येक मुलामागे ज्ञातीतील एका जाणत्या गृहस्थाने वा भगिनीने वर्षभर उभे राहावे. आठवड्यातून एकदा भेटावे, अभ्यास विचारावा, घरी जेवावयास न्यावे. त्यांपैकी एका मुलाची जबाबदारी आम्ही आजच स्वीकारीत आहोत. या वेळी आम्ही बाहेरच्या बाकावर बसणार नाही.