परत आलेली पेटी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या युवक व पालकांच्या मेळाव्यांत पॅरिशच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठीं पॅरिशमधील मुलांच्या यशाची यादी तयार झाली आहे. तिच्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, आणि परिचारिका तर पुष्कळच आहेत. ती वाचून आम्हांस आनंद झाला, हें सांगावयास नकोच. परंतु वाचतां वाचतां एक विचार मनांत आला. ह्या पन्नास वर्षांत ज्या मुलांचीं पाउलें अर्ध्या वाटेवरून मागें फिरलीं, त्यांची यादी कोणीं केली नाहीं, आणि करूंही नये. तथापि त्यांचाही बाप्तिस्मा ह्याच देवळांत झाला आहे. आज चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां ते त्यांच्याकरितां बोलावे असें आम्हीं ठरविलें.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. सायंकाळची प्रार्थना आटोपून आम्ही निवासाच्या ओट्यावर बसलों होतों. एक आई आपल्या मुलीस घेऊन आली. ही मुलगी परिचारिकेचें शिक्षण घेण्यास गेली होती. ती निघाली त्या दिवशीं तिच्या मस्तकावर हात ठेवून आम्हींच तिला आशीर्वाद दिला होता. पहिल्या वर्षाच्या परीक्षेंत ती दोनदां अनुत्तीर्ण झाली आणि शाळेनें तिला घरीं पाठविलें. ही हकीकत सांगण्यास तिनें स्वतः अनुमति दिली आहे. नांव व आळी आम्ही सांगणार नाहीं, आणि कोणीं तर्क करीत बसूं नये. आई म्हणाली, "फादर, वसतिगृहांतली हिची पेटी आम्ही रात्रीं घरीं आणली. दिवसा आणली असती तर चार जणांनीं विचारलें असतें." मुलगी खालीं मान घालून उभी होती. ती एवढेंच म्हणाली, "फादर, आतां मी काय करूं?"

आम्हीं तिला तत्काल उत्तर दिलें नाहीं. "बाय, पुढल्या रविवारपर्यंत कांहींच ठरवूं नकोस," इतकेंच सांगितलें. कारण घरांत तोंवर तीन निर्णय होऊन चुकले होते. बापाच्या मतें तिचें लग्न करून टाकावें. मामाच्या मतें परराज्यांतील एखाद्या महाविद्यालयांत पैसे भरून पुन्हा घालावें. आजीच्या मतें मुंबईस मावशीकडे ठेवावें, म्हणजे कोणाच्या नजरेस पडणार नाहीं. हे तिन्ही निर्णय प्रेमानेंच झाले होते, ह्यांत संशय नाहीं. परंतु त्यांतील एकही मुलीकरितां नव्हता. तिन्ही शेजाऱ्यांच्या तोंडाकरितां होते. लाजेच्या पहिल्या आठवड्यांत माणूस जें ठरवितो, तें बहुधा लाज झांकण्यासाठींच असतें, आणि त्याची किंमत पुढें अनेक वर्षें द्यावी लागते.

बंधुभगिनींनो, आम्ही हें पुस्तकांतून सांगत नाहीं. आम्हीही नापास झालेलों आहों. सेमिनरींत असतां तर्कशास्त्राच्या परीक्षेंत आम्ही अनुत्तीर्ण झालों. नाताळच्या सुटींत घरीं आलों, तेव्हां वडिलांस सांगितलें कीं निकाल अजून लागला नाहीं. तीं दहा दिवस आम्ही जन्मभर विसरणार नाहीं. कारण नापास होण्याचें ओझें हलकें होतें, तें लपविण्याचें जड होतें. परत गेल्यावर एका वृद्ध अध्यापकांनीं आम्हांस जवळ बोलाविलें. त्यांनीं "नापास कां झालास?" असें विचारलें नाहीं. पुस्तक पुढें ठेवून ते म्हणाले, "कोणत्या पानापासून तुला समजेनासें झालें?" आम्हीं पानें चाळलीं. तें तिसरेंच पान होतें. मराठी शाळेंतून आलेल्या आम्हांस तेथील एक इंग्रजी शब्द कळला नव्हता, आणि विचारण्याची लाज वाटली म्हणून पुढील सारें पुस्तक अंधारांत गेलें होतें.

तोच प्रश्न आम्हीं रविवारीं त्या मुलीस निराळ्या रूपानें विचारला. अपयश हें नांव एक. परंतु त्याच्या पोटीं कारणें निरनिराळीं असतात. एखादी मुलगी मराठी माध्यमांतून जाते आणि शरीररचनेचें इंग्रजी पुस्तक तिला उलगडत नाहीं. एखादीच्या घरीं पैसा नसतो. सुटी मिळाली कीं ती वाडीवर भाजी खुडावयास येते आणि अभ्यास मागें पडतो. एखादीचा स्वभावच त्या कामास जुळत नाहीं. आणि एखादी, खरें बोलावयाचें तर, आळसानें किंवा वाईट संगतीनें घसरते. चारही मुली एकाच दारांतून परत येतात, परंतु चौघींस एकच औषध चालत नाहीं. म्हणून पहिलें काम हें कीं, गुणपत्रिका पेटींत न लपवितां दिव्याखालीं ठेवून वाचावी. परिचर्येच्या परीक्षेंत लेखी व प्रात्यक्षिक ह्या दोहोंत वेगवेगळें उत्तीर्ण व्हावें लागतें. मग आपण कोठें अडलों? पुन्हा बसण्याची संधि शिल्लक आहे काय? फेरतपासणीची मुदत संपली काय? शिकविणाऱ्या बाईंस जाऊन भेटावें आणि त्यांचें मत धीरानें ऐकावें. आपले मूळ दाखले व गुणपत्रिका हातीं घेतल्यावांचून शाळेची पायरी उतरूं नये. पुढें कोठेंही प्रवेश घेतांना ते लागतात.

ह्या मुलीस आम्हीं दोनच गोष्टी विचारल्या: "कोणता तास तुला सर्वांत जड जाई? आणि कोणता तास कसा गेला हें कळत नसे?" तिनें थोडा विचार करून उत्तर दिलें. ती लेखी परीक्षेंत उत्तीर्ण होती. प्रात्यक्षिकांत पडली होती. ती म्हणाली, "फादर, मला रक्ताचें भय नाहीं. परंतु एकाच वेळीं चार खाटांवरून हांक आली म्हणजे माझी बुद्धि गोठते. आधीं कोणाकडे जावें हें सुचत नाहीं. नमुने घेऊन प्रयोगशाळेंत जात असें, तेव्हां तेथील ताई मला सूक्ष्मदर्शकांतून हिवतापाचे जंतु दाखवीत. तेथून माझा पाय निघत नसे." बंधुभगिनींनो, दोन वर्षांत तिला हें कोणींच विचारलें नव्हतें, आणि तिनेंही स्वतःस विचारलें नव्हतें.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. सेवेची इच्छा ही एक गोष्ट आहे, आणि त्या सेवेचें अमुक एक दार ही दुसरी. दार बंद झालें म्हणजे इच्छा खोटी ठरत नाहीं. ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं शिकले, त्यांच्याबरोबर जपानांत राहिले, धर्मशिक्षक म्हणून त्यांनीं त्यांची सेवा केली. त्या संघांत प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती; ती पूर्ण झाली नाहीं. ते व्यापारांत शिरले आणि त्यांत त्यांस यशही आलें. परंतु मनांतील हांक थांबली नाहीं. मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून गेले. १५९३ सालीं दुभाषी म्हणून पुन्हा जपानांत उतरले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांनीं प्राण अर्पण केला. १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संत म्हणून गौरविलें. पहिलें दार उघडलें नाहीं, म्हणून ते ओट्यावर बसून राहिले नाहींत. आणि दुसरें दार धरल्याबद्दल कोणी त्यांस उणें लेखीत नाहीं.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. परिचर्येचीच ओढ खरी असेल आणि कारण भाषेचें किंवा पैशाचें असेल, तर तें कारण दूर करून पुन्हा प्रयत्न करावा. सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, पदवीचा चार वर्षांचा, आणि ए. एन. एम. म्हणतात तो सहायक परिचारिकेचा दोन वर्षांचा. लहान पायरी धरणें ही नामुष्की नव्हे. स्वभाव जुळत नसेल, तर रुग्णांची सेवा खाटेजवळच होते असें नाहीं. औषधें तयार करून देणारा, रक्त तपासणारा, क्ष-किरणाचें चित्र काढणारा, रुग्णाच्या घरच्यांस धीर देणारा समाजसेवक, हे सारे त्याच सेवेंत आहेत. औषधनिर्माणाची पदविका दोन वर्षांत होते. घरीं राहून मिळवितां मिळवितां शिकावयाचें असेल, तर १९८९ सालीं स्थापन झालेलें नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. आणि ज्याचें मन ह्यांपैकीं कशांतच नाहीं, त्यानें शिक्षक व्हावें, वाडी करावी, दुकान चालवावें. प्रामाणिक श्रमांत हलकें असें कांहीं नाहीं.

परंतु एका वाटेनें जाऊं नये, आणि हें आम्ही अगदीं स्पष्ट सांगतों. त्या मुलीस परत आल्यावर पंधरवड्याच्या आंतच एका लहान खासगी दवाखान्यांतून निरोप आला. "शिक्षण अर्धें झालें तरी चालेल. पांढरा पोशाख घालून या, रुग्ण तुम्हांस सिस्टरच म्हणतील." पगार बरा होता. घरीं कर्ज होतें. आईचा जीव मोहांत पडला, आणि आम्ही तिला दोष देत नाहीं. परंतु भारतांत परिचारिकांच्या शिक्षणाचा कायदा १९४७ सालीं झाला आणि महाराष्ट्रांत त्यांच्या नोंदणीचा १९६६ सालीं, तो कांहीं कागद वाढविण्यासाठीं नव्हे. औषधाची मात्रा एका शून्यानें चुकली तर एका घराचा दिवा मालवतो. शिकली नाहीं तिनें शिकलेलीचा पोशाख घालणें ही रुग्णाची फसवणूक आहे. मुलीनें आपण होऊन नकार दिला. आमच्या मतें ती ज्या दिवशीं खरी उत्तीर्ण झाली, तो हा दिवस होय.

ज्यांचें अपयश स्वतःच्या दोषानें झालें, त्यांचें काय? त्यांनीं परिचारिकांचे आश्रयदाते संत कामिल्लुस ह्यांचें चरित्र आठवावें. ते तरुणपणीं जुगारी होते. पायाच्या जखमेवर उपचार घेण्यास ते रोमच्या सान जाकोमो इस्पितळांत आले, तेथेंच नोकर म्हणून राहिले, आणि त्यांच्या वागणुकीमुळें त्यांस काढून टाकण्यांत आलें. पुढें जुगारांत सर्वस्व गेलें, तेव्हां एका मठाच्या बांधकामावर त्यांनीं मजुरी केली. १५७५ सालीं त्यांचें मन पालटलें. मठांत राहावें म्हटलें, तर जखमेनें राहूं दिलें नाहीं. अखेर ते त्याच इस्पितळांत परत गेले, रुग्णांची सेवा करूं लागले आणि कालांतरानें त्याच इस्पितळाचे व्यवस्थापक झाले. १९३० सालीं पोप पायस अकरावे ह्यांनीं त्यांस परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें. ज्या दारांतून हांकलून दिलें, त्याच दारांत नम्रतेनें पुन्हा उभें राहणें ह्यास धैर्य लागतें. परंतु आधीं दोष कबूल करावा लागतो. "बाईंनीं मुद्दाम पाडलें," असें म्हणत राहणाऱ्यास ती वाट सांपडत नाहीं.

त्या मुलीचें पुढें काय झालें, हें आपण विचाराल. आमची कल्पना होती कीं ती पुन्हा परीक्षेस बसेल. तसें आम्हीं सुचविलेंही. तिनें ऐकून घेतलें आणि निर्णय निराळा केला. सांप्रत ती प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाचें शिक्षण घेत आहे. तेथें एका वेळीं एकच कांच समोर असते, आणि तिच्यावरील नांव व आंतील रक्त ह्यांची गांठ चुकूं न देणें हें तिचें काम. सर्व दुःख फिटलें असें मात्र नाहीं. पहिल्या फीसाठीं गहाण ठेवलेल्या आईच्या पाटल्या अजून सुटल्या नाहींत. "माझी मुलगी नर्स" हे शब्द ओठांवर येऊन आई मध्येंच थांबते, हें आम्हीं पाहिलें आहे. परंतु पेटी घेऊन ती मुलगी दुसऱ्यांदा घरून निघाली, तेव्हां ती दिवसा निघाली.

शेवटीं वडील मंडळींस एक विनंति. मुलांनीं काय करावें हें सांगणारे पुष्कळ आहेत. आपण काय करावें हें थोडेच विचारतात. मुलगी रात्रीं पेटी घेऊन आली, ती कोणाच्या भयानें? आपल्याच भयानें. शाळेनें तिला एकदां घरीं पाठविलें. देवळाच्या दारांत आपण तिला दर रविवारीं नव्यानें नापास करितों. म्हणून असें कोणी मूल परत आलें, तर "तुझें काय झालें?" असें विचारूं नका. "केव्हां आलीस, बाय? जेवलीस काय?" असें विचारा. उरलेलें ती आपण होऊन सांगेल, आणि सांगितलें नाहीं तरी आपलें कांहीं अडत नाहीं. ज्यांस देणें शक्य आहे, त्यांनीं यशस्वी मुलांस बक्षीस देतांना, पुन्हा उभें राहूं पाहणाऱ्या एखाद्या मुलाच्या फीचाही विचार करावा.

महोत्सवाची यादी आनंदानें छापा. आपलें देऊळ मात्र त्या यादीहून मोठें असूं द्या. परमेश्वर आपणां सर्वांस, आणि आज येथें मागच्या बांकावर बसलेल्या प्रत्येक मुलास व मुलीस, आशीर्वाद देवो.