वीस गुण कुठे गेले?

(बीड येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



लाड केले की पोर बिघडते, ही धास्ती आपल्याकडच्या बापाच्या मनात फार खोल रुजलेली आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन बहुतांशी कोरडवाहू. जे घडायचे ते मुलाच्या शिक्षणातूनच, अशी त्याची धारणा. म्हणूनच मुलगा ऐंशी गुण घेऊन आला की पहिला प्रश्न येतो, 'वीस कुठे गेले?' प्रश्नामागे माया असते, परंतु मुलाला दिसते ती कपाळावरची आठी.

यावर चाणक्यनीतीचा दाखला देणारे पुष्कळ भेटतात. त्या श्लोकात पाच वर्षे लाड, पुढे दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षापासून मैत्री सांगितली आहे. आपण मधला भाग तेवढा पाठ केला आणि तोच पंचविशीपर्यंत चालवला!

आता सर्वांना ठाऊक असलेल्या एका मराठी घराकडे पाहू. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना सचिन तेंडुलकर यांनी आपल्या वडिलांची आठवण सांगितली. प्रा. रमेश तेंडुलकर हे मराठीचे अध्यापक आणि कवी. मुलगा अकरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला मोकळीक दिली. बजावले एवढेच, की आडवाट धरू नकोस. त्याच भाषणात गुरू रमाकांत आचरेकर यांचाही उल्लेख आहे. शिष्य गाफील राहू नये म्हणून २९ वर्षांत सरांनी 'छान खेळलास' असे कधी म्हटले नाही. थोरले बंधू अजित तर अखेरच्या डावानंतरच्या रात्रीही, सचिन बाद कसा झाला, याचीच चर्चा करीत होते.

आचरेकर सरांची गोष्ट ऐकून काही वडील मनातून सुखावले असतील. परंतु हेच सर या शिष्याला स्वतःच्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत असत, हेही ध्यानात घ्यावे. अजित यांची टीका फटक्यावर होती, भावाच्या लायकीवर नव्हती. आणि घरी वडिलांचा विश्वास होता. जिथे बापच आचरेकर होतो, तिथे रमेश तेंडुलकर कोणी व्हायचे?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. रात्री मोळ्या भरून झाल्यावर बाप फोन करतो, चार-दोन मिनिटे बोलतो. त्यातही 'शीक, नाहीतर हाती कोयता येईल' एवढेच कानी पडले, तर मुलगा भीती तर शिकतोच, शिवाय बापाच्या कष्टाची लाजही शिकतो. त्यापेक्षा 'आज गुरुजींनी काय शिकवले, मला सांग' असे विचारावे. सांगणाऱ्या मुलाचा आवाज कसा बदलतो ते ऐकावे.

नोकरदार घरांची तऱ्हा फार वेगळी नाही. लातूरला शिकवणीसाठी ठेवलेल्या मुलाला रविवारी भेटायला गेलेले वडील डबा उघडण्याआधी चाचणीचे गुण विचारतात. रागवायचे असेल तर जरूर रागवावे, पण एकांतात. आणि 'तू ढ आहेस' असे न म्हणता 'हे गणित दुसऱ्या पायरीवर चुकले' असे सांगून, ते त्याच्याशेजारी बसून सोडवावे.

अनेक वडील मुलाचे कौतुक करतात, पण ते त्याच्या आईजवळ. मग ती माउली निरोप्याचे काम करते, 'बाबा तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते बरं का!' आज घरी गेल्यावर तिला या कामातून मोकळे करा.