संगणकावर शेतीचा हिशेब : एका पानावर एकच तक्ता
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



अनेक बागायतदार आता जमाखर्च आणि फवारणीच्या नोंदी संगणकावर ठेवतात. ही चांगली गोष्ट आहे. मात्र हिशेबाचे सर्व प्रोग्रॅम सारखेच, असे समजू नये. पानावर तक्ता मांडण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे. ती माहीत नसेल तर वर्षभराच्या नोंदी बिघडू शकतात.

१९७९ साली आलेल्या व्हिसिकॅल्कमध्ये एकच पान होते. आता एका फाईलमध्ये अनेक पाने, म्हणजे शीट, ठेवता येतात. एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क आणि गुगल शीट्स यांत प्रत्येक पान म्हणजे बांध नसलेले सलग रान होय. आडवी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच असते. समजा, डावीकडे फवारणीचा आणि उजवीकडे मजुरीचा तक्ता आहे. मजुरीतील चुकीची नोंद काढण्यासाठी १२ वी ओळ पूर्ण खोडली, तर त्याच ओळीतील फवारणीची नोंदही जाते. द्राक्ष निर्यात करावयाची असेल, तर अशी एक नोंद गेल्यानेही फवारणी आणि काढणी यांतील दिवसांचा हिशेब चुकतो. एका तक्त्याला फिल्टर लावला तरी शेजारच्या तक्त्याच्या ओळी लपतात.

ॲपलच्या नंबर्स या प्रोग्रॅममध्ये पान कोरे असते आणि त्यावर हवे तितके तक्ते ठेवता येतात. प्रत्येकाच्या ओळी व रकाने स्वतंत्र असल्याने एकातील ओळ खोडली तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. मात्र ही फाईल एक्सेलच्या स्वरूपात काढताना प्रत्येक तक्त्याचे वेगळे पान करण्याची सोय निवडावी.

आता नोंदी कशा ठेवाव्यात ते पाहू.

१) एका पानावर एकच तक्ता ठेवावा. फवारणी, मजुरी, खते व विक्री यांची पाने वेगळी करावीत.

२) एका ओळीत एकच नोंद करावी. तारीख, प्लॉट, बाब, प्रमाण आणि रक्कम असे रकाने करावेत. प्लॉटसाठी वेगळे पान न करता रकानाच ठेवावा, म्हणजे प्लॉटनिहाय बेरीज सहज निघते.

३) दररोज नवा उभा रकाना वाढवू नये. जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये २५६ च रकाने मावतात, म्हणजे वर्षही पुरे होत नाही. ओळी मात्र ६५,५३६ असतात.

४) एक्सेलमध्ये मजकूर निवडून 'टेबल' ही सोय वापरावी. तक्त्यापुरतीच ओळ काढता येते.

५) काहीही खोडण्यापूर्वी फाईलची प्रत करून ठेवावी.

कोणता प्रोग्रॅम वापरावा, हे आपल्या सोयीने ठरवावे. पण कोणत्या प्लॉटने किती खर्च खाल्ला आणि किती दिले, हे हंगामाअखेर कळले, तरच पुढील लागवडीचा निर्णय अंदाजाने न होता हिशेबाने होईल.