मांजर लाभत नाही

पवनी तालुक्यातील आसगाव आणि त्याच्या आसपासचा चौरास प्रदेश हा धानाचा मुलूख; आणि जेथे धान तेथे उंदीर, जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम ओघानेच येतो. प्लेगच्या धामधुमीत, १९०८ च्या सुमारास, अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्युकॅनन यांनी तर, ज्या गावांत मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे प्रतिपादन करून मार्जारपालनाचा जाहीर पुरस्कार केला होता. मांजरालाही प्लेग होतो, ही गोष्ट त्या पुरस्कारात किंचित बाजूस राहिली, हे सोडून द्या.

असे हे उपयुक्त जनावर; पण बैलाला घटसर्पाची लस न चुकता टोचून आणणारा आपला शेतकरी, घरची पिल्ले लागोपाठ ओकून, अन्नपाणी सोडून दगावली की, ‘आमच्या घरी मांजर लाभत नाही’ एवढे म्हणून स्वस्थ बसतो. पुष्कळदा हे कृत्य पॅनल्युकोपेनिया नामक रोगाचे असते. त्याचा विषाणू जमिनीत, गोणपाटात, कोठीच्या सांदीत वर्षभरही तग धरतो, सारवण्याने हटत नाही, आणि मोठ्या हौसेने आणलेले पुढले पिल्लूही त्याच्याच तावडीत सापडते. म्हणून नवे पिल्लू आणायचे ते लस टोचल्यावरच आणावे, हे उत्तम.

लस एकदाच का पुरत नाही? आईच्या चिकातून लाभलेली प्रतिकारशक्ती पिल्लाचे काही आठवडे रक्षण करते खरी, परंतु तीच लसीलाही निष्प्रभ करते. आणि हा पहारा कोणत्या पिल्लाचा केव्हा उठेल हे सांगता येत नसल्यामुळे, सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळावा आठवडा पुरा होईपर्यंत, सुई द्यावी लागते. वर्षाच्या आत पुन्हा एक मात्रा, आणि तदनंतर पशुवैद्य सांगतील त्या अंतराने. शिंका, वाहते डोळे व तोंडातील व्रण आणणाऱ्या हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंवरील लसही बहुधा याच सुईत असते. तिने रोग सर्वस्वी टळतो असे नाही, सौम्य मात्र होतो.

अलर्करोगाची, म्हणजे पिसाळण्यावरची लस निराळी, बाराव्या आठवड्यानंतरची. ती दिलेली असली तरी मांजर चावल्यास जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन सरकारी दवाखाना गाठावा.

गाभण मांजरीला मात्र डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगितल्यावाचून कोणतीही सुई देववू नये. आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा मुख्य कारभार गुराढोरांचा असल्याने, मांजराची लस मागवून ठेवण्याविषयी आगाऊ वर्दी द्यावी.