जुना ट्रक आणि त्याचा डिझेल-पंप



कोल्हापूर-साताऱ्याकडून माल भरून निघालेला जुना ट्रक खंडाळ्याचा घाट उतरतो आणि शीव, दादर, परळ करीत लालबागला येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर तिथे २०११ साली उड्डाणपूल झाला; पण पुलाखालचा रस्ता आहे, सिग्नल आहेत आणि दोन्ही अंगांना माणसांची वस्ती आहे. ट्रक सिग्नलला थांबतो. दिवा हिरवा होतो, ड्रायव्हर पाय दाबतो, आणि मागून काळ्या धुराचा असा लोट उठतो की गॅलरीत उभे असलेले माणूस पदर नाकाला लावून आत जाते. ड्रायव्हरला विचारा, तो म्हणेल, "गाडी जुनी झाली, धूर मारणारच." मालक म्हणेल, "घाटात ओढत नव्हती, म्हणून पंपात जरा डिझेल वाढवून घेतलं."

हे "जरा डिझेल वाढवून घेणे" काय असते, त्याने ट्रकचे काय होते आणि पंप नीट लावायचा म्हणजे काय करायचे, एवढेच आज सांगायचे आहे. सांगतो आहे ते जुन्या गाड्यांविषयी. १ एप्रिल २०२० पासून भारतात बी.एस. सहा नियमांच्या गाड्या विकल्या जातात, त्यांचा डिझेलचा कारभार एका लहानशा संगणकाच्या ताब्यात असतो. तिथे पाना घेऊन हात घालण्यासारखे काही राहिलेले नाही. पण जुने ट्रक अजून चालतात, जुने ट्रॅक्टर चालतात, आणि विहिरीवरचे डिझेल इंजिन तर तुमच्या-आमच्या ओळखीचे आहेच. सर्वांचे तत्त्व एकच.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात ती लागत नाही. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात हे सायकलच्या पंपाने दाखवावे. पंपाचे तोंड बोटाने दाबून धरायचे आणि दांडा जोरात दहा-वीस वेळा मारायचा. पंपाचे बूड हाताला गरम लागते. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात हवा पंधरा-वीस पट दाबली जाते आणि ती पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. जर्मनीतल्या रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली असे इंजिन चालवून दाखविले. परंतु त्याचे डिझेल दाबलेल्या हवेच्या जोराने आत फुंकावे लागे आणि त्यासाठी वेगळे धूड बाळगावे लागे. असे इंजिन ट्रकवर कोण चढविणार? रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ साली लहान, बंदिस्त इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे डिझेलचा ट्रक रस्त्यावर रुळला. आपल्याकडे असे पंप बनविणारी मायको कंपनी १९५१ साली बंगळूरला निघाली, आणि १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनविणे सुरू केले. ते तारा मिरविणारे ट्रक वडीलधाऱ्यांना आठवत असतील.

आता हा पंप करतो काय ते पाहा. सहा सिलिंडरच्या ट्रकचा पंप म्हणजे एका ओळीत बसविलेल्या सहा लहान पिचकाऱ्या. मिस्त्री त्यांना एलिमेंट म्हणतात. प्रत्येकात एक नळी आणि त्यात वर-खाली होणारा प्लंजर. दोहोंमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने मोजायची, दोन-चार हजारांश इतकीच. म्हणून तिथे वायसर लागत नाही, आणि म्हणूनच एका नळीचा प्लंजर दुसऱ्या नळीत घालून चालत नाही. ती जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जमविलेली असते.

एका वेळी हा प्लंजर डिझेल देतो किती? पूर्ण भारावर असताना पाण्याचा एक थेंब असतो जवळपास तेवढे. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे करीत असेल तर प्रत्येक सिलिंडरला मिनिटात हजार वेळा असा थेंब द्यायचा, आणि तोही सेकंदाच्या सुमारे सहाशेव्या भागात, सहाही सिलिंडरना सारखा. प्लंजरच्या अंगावर एक तिरपी खाच कापलेली असते. प्लंजर थोडा फिरविला की ती खाच नळीच्या भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि थेंब लहान किंवा मोठा होतो. सहाही प्लंजरना एकदम फिरविणारी दातेरी पट्टी म्हणजे रॅक. ड्रायव्हरचा पाय आणि गव्हर्नर मिळून तिला पुढेमागे करतात. आणि ती एका मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून एक अडसर लावलेला असतो, शिशाचे सील ठोकलेला.

घोटाळा होतो तो या सिलापाशी. ते तोडून अडसराचा स्क्रू दोन आटे फिरविला की थेंब मोठा होतो. पहिले दोन दिवस गाडी उचलल्यासारखी वाटते आणि मालक खूश होतो. पण सिलिंडरात हवा किती जाते? स्क्रू फिरवून ती वाढत नाही. एक किलो डिझेल जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि धूर न होता जळायचे तर त्याहूनही बरीच जास्त. डिझेल वाढविले आणि हवा तेवढीच राहिली, तर वरचे डिझेल अर्धवट जळते. त्याची काजळी होते. लालबागच्या नाक्यावर उठणारा लोट तोच. चुलीत ओले-सुके भाराभर सरपण कोंबून फुंकर न घातल्यासारखेच हे. काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, रिंगा झिजतात. धुराचा ताप वाढतो आणि एखाद्या उन्हाळ्यात घाट चढताना पिस्टनचे डोके जळते. मग इंजिन खाली काढा. वाढवून घेतलेल्या ताकदीची किंमत अशी भरावी लागते.

धुराचा दुसरा हिशेब तर आणखी वाईट. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. तो धूर रस्त्याकडच्या खोलीत झोपलेले मूल घेते, आणि केबिनमध्ये बसलेला क्लीनरही घेतो. जुन्या डिझेल गाडीच्या धुराची दाटी तपासणीच्या यंत्रावर ६५ हार्ट्रिजच्या वर जाऊ नये असा आपल्याकडे नियम आहे. काही बहाद्दर तपासणीपुरते डिझेल कमी करून घेतात आणि दाखला मिळाला की परत वाढवितात. त्यांना काय म्हणावे! दाखला खिशात आणि काजळी चाळीत.

तेव्हा गाडी ओढत नसेल तर पंपाला हात सगळ्यांत शेवटी लावायचा. आधी हवेची जाळी पाहा. जुन्या ट्रकवर तेलाच्या भांड्यातली गाळणी असते; तिच्यात चिखलासारखे तेल साठले असेल तर इंजिनाचा श्वासच कोंडलेला आहे. मग डिझेल फिल्टर बदला. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी पाहा. एखादा वायसर कोरडा पडला की गाडी एअर घेते आणि घाटात बंद पडते. हातपंप मारून, हवा काढायचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल जाऊ द्यायचे. हे काम कुणालाही येईल, आणि ते ड्रायव्हरला यायलाच पाहिजे.

मग नोझल. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीची चाकी किंचित सैल करायची. इंजिनाचा आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करीत होता. बदलला नाही तर दोष तिथे आहे. मग इंजिन बंद करून त्या सिलिंडरचे नोझल शेजारच्यात आणि शेजारचे त्यात घालून पाहा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागच्या जागी राहिला तर एलिमेंट किंवा त्या सिलिंडरचा दाब पाहायला हवा. मिस्त्री म्हणतात, पंप दुरुस्त करा म्हणून आलेल्या गाडीचे निम्मे दुखणे कधी कधी नोझलमध्ये निघते.

धुराचा रंगही वाचता आला पाहिजे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, किंवा फवारा नीट फुटत नाही. इंजिन तापल्यावरही पांढुरका धूर येत असेल तर फवारा उशिरा पडतो आहे, नाहीतर दाब कमी आहे. निळसर असेल तर इंजिनाचे तेल जळते आहे. त्यात बिचाऱ्या पंपाचा काही अपराध नाही.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. फवारा पाहायला नोझलसमोर हात धरू नका. अनेक ट्रकांच्या नोझलमधून डिझेल दोनशे बारच्या आसपासच्या दाबाने सुटते. ट्रकच्या टायरमधला दाब सात-आठ बार असतो, यावरून कल्पना करा. फवारा कातडीतून आत शिरतो. बाहेर सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते, फारसे दुखतही नाही, आणि काही तासांनी आतले मांस सडू लागते. असे झाले तर हळद-टिंचर लावून बसू नये, ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना डिझेल आत गेले आहे असे स्पष्ट सांगावे.

एवढे सारे पाहूनही दोष राहिला तर पंपाकडे वळायचे. त्यात दोन निरनिराळी कामे आहेत, आणि पुष्कळ जण त्यांची गल्लत करतात. एक टायमिंग, म्हणजे फवारा केव्हा पडतो. दुसरे कॅलिब्रेशन, म्हणजे किती पडतो.

टायमिंग गाडीवरच पाहता येते. पहिला सिलिंडर दाबाच्या फेरीत वर येत असेल असे इंजिन फिरवून घ्यायचे. पंपाच्या पहिल्या एलिमेंटवरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून वरचा होल्डर परत बसवायचा, त्याला बगळ्याच्या मानेसारखी वाकडी नळी लावायची. रॅक पूर्ण डिझेलच्या जागी ठेवायचा. हातपंप मारला की नळीतून डिझेल वाहू लागते. आता इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, अगदी सावकाश फिरवायचे. धार बारीक होत जाते, थेंब थेंब होते आणि थांबते. प्लंजरने भोक झाकले तो हा क्षण. त्या वेळी फ्लायव्हीलवरची खूण कंपनीने सांगितलेल्या अंशावर हवी. खूण पुढे गेली तर नुसते मागे आणून भागत नाही. बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे यायचे, नाहीतर दात्यांमधली ढिलाई फसविते. फवारा लवकर पडत असेल तर इंजिन ठोकते. उशिरा पडत असेल तर तापते आणि थंडीत सुरू व्हायला कंटाळा करते.

कॅलिब्रेशन मात्र गाडीवर होत नाही. त्याला पंप काढून टेस्ट बेंचवर चढवावा लागतो. बेंचवर मोटर पंपाला ठरलेल्या वेगाने फिरविते, सहाही नळ्यांतून पडणारे डिझेल सहा काचेच्या नळ्यांत जमते, आणि ठरावीक फवाऱ्यांनंतर कुठे किती जमले ते डोळ्यांना दिसते. एक नळी अर्धी आणि दुसरी काठोकाठ, म्हणजे एक सिलिंडर उपाशी आणि दुसरा अपचनाने धूर काढणारा. मिस्त्री प्रत्येक एलिमेंटचा क्लॅम्प सैल करून तो किंचित फिरवितो आणि सहाही नळ्या सारख्या करतो. सहा फवाऱ्यांमध्ये पंपाच्या फेऱ्याचे बरोबर साठ-साठ अंश पडले आहेत ना, हेही तो तिथेच पाहतो. किती जमायला पाहिजे हा आकडा तोंडी नसतो, तो पंपाच्या तक्त्यात असतो. म्हणून पंपावरची पाटी पुसू नका, रंगवू नका. पाटीवर पी.ई.एस. ६ ए ८० असे काही लिहिलेले असेल. त्यातला ६ म्हणजे सहा एलिमेंट, ए ही पंपाची मापश्रेणी आणि ८० म्हणजे प्लंजरचा व्यास आठ मिलिमीटर.

मुंबईत सुट्या भागांना तोटा नाही. गिरगावाला लागून ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारीच्या सामानाची दुकाने आहेत, आणि चोरबाजारात तर भंगारात निघालेल्या गाडीचे काय मिळत नाही? रेडिएटर, हेडलाइट खुशाल घ्या. परंतु वापरलेला एलिमेंट स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. तो का विकला गेला, हे विकणारा सांगणार नाही.

एखाद्या गावच्या मुलाला हे काम शिकावेसे वाटले तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दहावीनंतर मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, हे शिक्षकांनी त्याच्या कानावर घालावे.

पंप बेंचवरून परत येईल तेव्हा मिस्त्रीकडून सहाही नळ्यांचे आकडे लिहून घ्या आणि अडसरावर नवे सील आहे ना ते पाहा. गाडीवर बसविल्यावर हवा काढा. चावी मारण्यापूर्वी बंद करायचा दांडा ओढून रॅक मोकळा सरकतो की नाही याची खात्री करा. रॅक पूर्ण डिझेलवर अडकला तर इंजिन सुरू होताच आपल्या मनाने पळू लागते आणि चावी फिरवून थांबत नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडाशी एक माणूस सपाट फळी घेऊन उभा करावा. इंजिन पळाले तर त्याने फळी त्या तोंडावर घट्ट दाबायची. हात किंवा फडके नव्हे, फळीच. हवा तुटली की ते थांबते.