एक नाव, अनेक व्याधी
(दिंद्रुड येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाचा भरसभेत उच्चार होताच अनेकांच्या माना खाली जातील, हे आम्ही जाणून आहोत. परंतु याच संकोचापायी आमच्या कितीतरी मायभगिनी स्तनातील गाठ पदराआड लपवितात. ती आरंभी बहुधा दुखत नाही. म्हणून घरची माणसेही स्वस्थ राहतात आणि मोलाचा काळ निघून जातो.

दुसरी चूक उपचार सुरू झाल्यावर घडते. "शेजारणीला गोळ्यांनी गुण आला, मग आमच्या सुनेलाच इंजेक्शने का?" असे म्हणून औषध मध्येच सोडले जाते. आमचे नम्र सांगणे असे की, स्तनाचा कर्करोग हे नाव एक असले तरी व्याधी एक नव्हे.

काही गाठी स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसतात. टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या त्यांची ही रसद तोडतात. शस्त्रक्रियेनंतर त्या साधारणतः निदान ५ वर्षे घ्याव्या लागतात. ग्लासगोचे डॉ. बीटसन यांनी अंडाशय काढल्यावर अशी गाठ ओसरल्याचे १८९६ साली प्रसिद्ध केले, तेथे या उपचाराचे मूळ आहे. काही गाठींच्या पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन फाजील असते. त्यांवर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन चालते. काही वेळा ही दोन्ही लक्षणे एकाच गाठीत आढळतात. जिच्यात यांपैकी एकही नाही, तिच्यावर या गोळ्या व्यर्थ होत. तेथे औषधांत मुख्य भिस्त केमोथेरपीवर असते. अशा गाठींवर नेहमीच्या औषधांस कार्बोप्लाटिनची जोड दिल्यास ५० वर्षांपर्यंतच्या स्त्रियांचे आयुष्य वाढते, असा निष्कर्ष मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०२२ साली मांडला.

तेव्हा शेजारणीचे औषध पाहू नये, आपल्या गाठीचा तपास पाहावा. तुकडा तपासणीस गेला की ईआर, पीआर व हर-टू या तिन्हींचा अहवाल डॉक्टरांकडे आवर्जून मागावा आणि तो घरच्या दस्तऐवजांइतकाच जपावा. अंबाजोगाईचे शासकीय रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. पुढील उपचारांसाठी बार्शी व छत्रपती संभाजीनगर येथे कर्करोगाची रुग्णालये आहेत.

मंगल कार्यांस आपला समाज सढळ हाताने वर्गणी देतो. तिचा काही अंश अशा भगिनींच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.